घोड्याला मिळाली, माणसालाच का नाही?

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे आपल्याकडे इतक्या समजूतदार चेहऱ्याने सांगितलं जातं, की उघड्या गटारात पडून मांडीचं हाड मोडलेला माणूससुद्धा ते मान डोलावून ऐकतो. भेटायला येणारे शहाळं आणतात आणि सोबत सल्लाही: सरकारशी कोण भांडणार, लवकर बरे व्हा आणि कामाला लागा. या सल्ल्यामागे काही ठरावीक समजुती आहेत आणि त्यांतली एकही धड टिकत नाही, असं माझं म्हणणं आहे. सरकारी रस्त्यावर, पुलावर, इमारतीत जायबंदी झालेल्याने भरपाई मागणं हे त्याचं खाजगी गाऱ्हाणं नाही. खड्डा तसाच ठेवणं कार्यालयाला फुकटात पडतं, म्हणून तो तसाच राहतो. त्याला किंमत लावण्याचं काम दावा करतो.

सरकारवर दावा लागतच नाही, ही त्यांतली सगळ्यात जुनी समजूत. ती खोटी ठरूनही आता दीडशेच्या वर वर्षं झाली. कलकत्त्याला खिदिरपूरच्या सरकारी गोदीत काही मजूर लोखंडाचा एक जड भाग उचलून नेत होते. तेवढ्यात पेनिन्सुलर अँड ओरिएंटल या जहाज कंपनीची घोडागाडी आली. मजुरांनी घाबरून ते लोखंड खाली टाकलं, आवाजाने घोडा बुजला, त्यावरच जाऊन आदळला आणि जखमी झाला. कंपनीने थेट भारतमंत्र्यावर दावा लावला आणि १८६१ मध्ये जिंकला. सर बार्न्स पीकॉक यांच्या न्यायालयाने सांगितलं, की जे काम कोणीही खाजगी मालक करू शकतो ते करताना सरकारी नोकरांनी हयगय केली, तर सरकारही त्या मालकाइतकंच जबाबदार. नुकसान धरलं होतं साडेतीनशे रुपये. राणीचं राज्य सुरू होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. आपल्या घटनेच्या ३०० व्या कलमाने सरकारचं उत्तरदायित्व इंग्रजी राजवटीतल्या जुन्या कायद्यांच्या मापानेच ठरवलं, त्यामुळे हा घोडा अजूनही वकिलांच्या युक्तिवादांत दौडत असतो.

त्याच निकालात सरकारला एक पळवाट मात्र राहिली: ‘सार्वभौम’ अधिकारातलं काम. तिचा पुरेपूर फायदा १९६४ च्या कस्तुरीलाल खटल्यात मिळाला. मेरठच्या पोलिसांनी एका व्यापाऱ्याचं सोनं ताब्यात घेतलं, ते घेऊन हवालदारच पाकिस्तानात पळाला, आणि तरीही सर्वोच्च न्यायालयाने सरकारला मोकळं सोडलं. हा निकाल मला अन्यायाचाच वाटतो. पण तो जसाच्या तसा मान्य केला, तरी गटाराचं झाकण बसवण्यात कसलं आलंय सार्वभौमत्व? त्याच्या दोनच वर्षं आधी, १९६२ मध्ये, उदयपूरच्या सरकारी जीपखाली सापडून मेलेल्या पादचाऱ्याच्या विधवेला याच न्यायालयाने राजस्थान सरकारकडून भरपाई मिळवून दिली होती. १९९४ च्या नागेंद्र राव खटल्यात तर या सार्वभौमत्वाचा आडोसा न्यायालयाने बराचसा काढूनच घेतला.

माझ्या मते या सगळ्यांत महत्त्वाचा निकाल चांदणी चौकातल्या मनोऱ्याचा. १९५१ मध्ये दिल्लीचा हा घड्याळाचा मनोरा कोसळून माणसं मेली. मनोरा ऐंशी वर्षांचा, आणि तसल्या चुन्याच्या बांधकामाचं आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं. पालिकेचं म्हणणं, वरून काही दिसत नव्हतं. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सबब ठोकरली. हमरस्त्यालगतच्या बांधकामाची वेळोवेळी तपासणी करणं हे मालकाचं कर्तव्यच आहे, दोष लपलेला असला तरी. आणि नीट निगा राखलेला मनोरा आपण होऊन पडत नसतो. तो पडला, यातूनच हयगय दिसते; ती झाली नाही, हे मालकाने दाखवावं. मनोरा पडल्यानंतर ६८ वर्षांनी, १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल कोसळला. त्याच्या तपासणी अहवालात फक्त किरकोळ दुरुस्त्या सुचवल्या होत्या. म्हणजे ‘वरून काही दिसत नव्हतं’ हेच पुन्हा, या खेपेला शिक्क्यासह.

विरोधी बाजूचं सगळ्यात भक्कम हत्यार मी झाकून ठेवणार नाही. १९७५ मध्ये राजकोटला कार्यालयात पायी निघालेल्या एका माणसावर रस्त्याकडेचं झाड पडलं आणि तो गेला. खालच्या न्यायालयांनी भरपाई दिली. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. शहरातल्या प्रत्येक झाडाची रोज नाडी बघणं पालिकेला शक्य नाही, हा त्यामागचा विचार, आणि तेवढ्यापुरता तो खराही आहे. न दिसणाऱ्या किडीने पोखरलेलं झाड आणि चार महिने रहिवाशांनी तक्रारी केलेला खड्डा मात्र एका मापाने मोजता येत नाहीत. तक्रार क्रमांक पडला, की ‘आम्हाला ठाऊक नव्हतं’ म्हणायची सोय संपते. म्हणून कोणी पडायच्या आधी केलेली तक्रार, मग ती पालिकेच्या ॲपवर का असेना, पुढच्या दाव्याचा पाया असते.

‘अहो, पण माणसाने नीट बघून चालावं की!’ हे वाक्य म्हणणाऱ्याने मुंबईचा २९ ऑगस्ट २०१७ आठवावा. गुडघाभर पाण्यातून चालत घरी निघालेले एक नामांकित डॉक्टर प्रभादेवीच्या बाजूला उघड्या मॅनहोलमध्ये गेले, आणि त्यांचा मृतदेह वरळीच्या किनाऱ्याजवळ सापडला. त्यांनी नीट बघायचं म्हणजे काय, पाण्याच्या तळाशी? आणि समजा पडणाऱ्याचीही थोडी चूक आहे. कायद्याला ते माहीत आहे. त्याच्या चुकीच्या प्रमाणात रक्कम कमी होते. दावा रद्द होत नाही. उलट आपल्याकडे असंही घडतं, की खड्ड्यात दुचाकी घसरून मागे बसलेली बायको दगावते आणि गुन्हा नोंदवला जातो तो गाडी चालवणाऱ्या नवऱ्यावर, निष्काळजीपणाचा. खड्डा कागदावर येतच नाही.

खोट्या दाव्यांचा पूर येईल, ही भीती घालणाऱ्यांनी एकदा रेल्वेकडे बघावं. रेल्वे कायद्यात १९९४ मध्ये १२४-अ हे कलम आलं. गाडीतून पडून मेलेल्या किंवा जखमी झालेल्या प्रवाशाला भरपाई मिळायला रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. आत्महत्या, नशा, स्वतःचा गुन्हा असे अपवाद आहेत आणि ते तपासायला रेल्वे दावा न्यायाधिकरण आहे. २०१७ पासून मृत्यूची भरपाई आठ लाख रुपये आहे. मृताच्या खिशात तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रीना देवी खटल्यात स्पष्ट केलं. मुंबईच्या लोकलमधून रोज किती माणसं लोंबकळत जातात ते सांगायला नको. तरी रेल्वे या कलमामुळे बुडालेली नाही. खोटे दावे आले, तपासले गेले, फेटाळले गेले. जे रुळांवर जमतं ते रस्त्यावर का जमू नये?

आता करदात्यांचा मुद्दा. भरपाई शेवटी आपल्याच खिशातून जाणार, मग मागायची कशाला? सुशिक्षित घरांत हा युक्तिवाद फार लोकप्रिय आहे आणि मला तो सगळ्यात जास्त खटकतो. कारण तो खर्च आजही होतोच आहे. फक्त एकटं एक घर तो सोसतं. मांडीत रॉड घालण्याचं बिल, बुडालेला पगार, सुटलेली रिक्षा, गहाण पडलेल्या बांगड्या हे सगळं त्या खड्ड्याच्याच खात्यावरचं आहे. तो भार लाखो करदात्यांत वाटला गेला, तर त्यात अन्याय कसला? शिवाय तो करदात्यांवरच राहावा असंही नाही. लखनौ विकास प्राधिकरणाच्या १९९३ मधल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अधिकाऱ्याच्या मनमानीमुळे भरपाई द्यावी लागली, तर ती त्याच्याकडून वसूल व्हावी. लोकांचा पैसा त्यासाठी नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेलं १९८-अ कलम सदोष रस्त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास ठेकेदाराला आणि संबंधित प्राधिकरणाला एक लाखापर्यंत दंड लावतं. पण गंमत बघा, तो दंड जातो अपघात निधीत. हाड मोडलेल्याला आपली भरपाई वेगळी मागावीच लागते.

‘सरकार मदत जाहीर करतंच की’ असंही कोणी म्हणतं. करतं, पण केव्हा? पूल कोसळून एका वेळी पाच-दहा माणसं गेली आणि कॅमेरे आले, तर. एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या जिन्यावर २९ सप्टेंबर २०१७ ला २३ जण चेंगरून मेले, तेव्हा मदत लगेच जाहीर झाली. सायनच्या वळणावर एकटा घसरून पडलेला माणूस कोणाच्या भाषणात येत नाही. शिवाय सानुग्रह मदत देताना सरकार आपली चूक कबूल करत नाही. ती राज्यकर्त्याची मर्जी असते आणि तिने तोंडाला पानं पुसता येतात. भरपाई हा हिशेब असतो. वय, कमाई, किती टक्के अपंगत्व, पुढचे उपचार, सगळं मांडून तो करावा लागतो.

मग लोक दावे का करत नाहीत? शहाणपणामुळे नव्हे. वाटेत सापळे आहेत म्हणून. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं ४८७ वं कलम आणि मुंबईच्या १८८८ च्या अधिनियमाचं ५२७ वं कलम सांगतं, की पालिकेवर दावा लावायच्या आधी एक महिन्याची लेखी नोटीस द्या आणि दावा सहा महिन्यांच्या आत लावा. राज्य सरकार असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ८० व्या कलमाखाली दोन महिन्यांची नोटीस. आता हे त्या माणसाच्या बाजूने मोजा. चार महिने प्लास्टर आणि फिजिओथेरपी. मग वॉर्ड ऑफिसात साधा अर्ज. तिथे कळतं की हा रस्ता पालिकेचा नाही, सार्वजनिक बांधकाम खात्याचा आहे. ते मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (एमएमआरडीए) बोट दाखवतात, एमएमआरडीए मेट्रोच्या ठेकेदाराकडे. या टोलवाटोलवीत सहा महिने उलटतात आणि त्याच पालिकेचे वकील न्यायालयात गंभीर चेहऱ्याने मुदतीचा आक्षेप घेतात. म्हणूनच नोटीस पहिल्याच महिन्यात, रस्त्याशी संबंध असू शकेल अशा प्रत्येक कार्यालयाला, रजिस्टर पोस्टाने गेली पाहिजे. रस्ता कोणाच्या ताब्यात, ठेका कोणाचा, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. दवाखान्यात एमएलसी (मेडिको-लीगल केसची नोंद) करून घ्यावी आणि केसपेपरवर ‘घसरून पडला’ एवढंच न लिहू देता ‘खड्ड्यात’ हा शब्द हट्टाने लिहवून घ्यावा. तो खड्डा आठवड्याभरात बुजवला जाईल. फोटो आधी काढावेत, पंचनामा आधी व्हावा. वकिलाची फी परवडत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमाखाली स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, अपंगांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने यातली बरीच वाट सोपी केली. २०१३ पासून चाललेल्या स्वतःहून दाखल केलेल्या जनहित याचिकेत न्यायालयाने ठरवून दिलं, की खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख, आणि जखमींना इजेच्या मानाने पन्नास हजार ते अडीच लाख रुपये मिळावेत. ते ठरवायला समिती. महापालिका असेल तिथे आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव. दावा आल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत पैसे, आणि नंतर ती रक्कम दोषी अधिकारी-ठेकेदारांकडून वसूल. हे स्वागतार्ह आहेच. पण कायमचं अधू झालेल्या तिशीतल्या गवंड्याला अडीच लाख म्हणजे किती दिवसांचं जगणं? समितीची रक्कम ही सुरुवात आहे, पूर्ण हिशेब नव्हे. तिच्याकडे अर्ज केला म्हणून नोटिशीचं घड्याळ थांबेल, असंही कोणी धरून चालू नये.

खरी उणीव कायद्याचीच आहे. विधी आयोगाचा अगदी पहिला अहवाल, १९५६ चा, सरकारच्या अशाच दायित्वावर होता. त्यावरून १९६५ आणि १९६७ मध्ये विधेयकं संसदेत आली आणि बारगळली. ज्या इंग्रजांचं तत्त्व आपण ३०० व्या कलमात जपून ठेवलं, त्यांनी स्वतःच्या घरी १९४७ मध्येच राजसत्तेवर दावा लावण्याचा सरळ कायदा करून टाकला होता. आपल्याकडे दिल्लीत तो होईल तेव्हा होईल. पण महापालिका अधिनियमांतली सहा महिन्यांची अट मुंबईतल्या विधिमंडळाला एका दुरुस्तीने काढता येते; त्यासाठी कोणत्याही आयोगाची वाट बघायला नको. आणि समित्यांचा प्रत्येक निर्णय पालिकेच्या संकेतस्थळावर यावा: रस्ता कोणता, वॉर्ड कोणता, ठेकेदार कोण, भरपाई किती दिली, त्यातली वसूल किती झाली. पुढच्या वर्षी त्याच ठेकेदाराची निविदा उघडताना स्थायी समितीपुढे हा कागदही असावा.