घोड्यांवरचा भरवसा आणि न्यायाचा करार

यहुदी संदेष्ट्यांविषयी आपल्या सुशिक्षितांत एक आक्षेप वारंवार ऐकू येतो. शत्रू वेशीपाशी आला असता राजाला मिसरचे घोडे सोडून देवावर भिस्त ठेवावयास सांगणारे हे लोक व्यवहारशून्य होते. राज्ये अशी चालत नसतात, असा त्याचा सारांश. राज्यकारभाराच्या कागदपत्रांतच हयात गेलेल्या आम्हांस हा आक्षेप मुळीच मान्य नाही. आक्षेपक संदेष्ट्यांचा उपदेश तेवढा ध्यानात ठेवतात, तो ज्या प्रसंगी केला गेला तो प्रसंग मात्र विसरतात.

इ. स. पूर्व ७३५ च्या सुमारास दिमिष्क आणि इस्राएल येथील राजांनी मिळून यहूदावर चाल केली. वरच्या तळ्याच्या पाटापाशी यशयाने राजा आहाजला गाठले आणि हे दोघे विझत आलेली कोलिते आहेत, भिऊ नकोस, असे बजावले. आहाजने ऐकले नाही. मंदिरातील सोनेरुपे काढून त्याने अश्शूरच्या तिग्लथ-पिलेसरला साहाय्यास बोलाविले. ७३२ मध्ये दिमिष्क पडले, ७२२ च्या सुमारास शोमरोनही पडले. उरला तो अश्शूर, आणि त्याला खंडणी भरणारा यहूदा! मग व्यवहार नेमका कोणाला कळला होता?

आहाजचा पुत्र हिज्कीया याने अश्शूरचे जू झुगारले ते मिसरच्या आशेवर. गाढवांच्या व उंटांच्या पाठीवर धन लादून दूत दक्षिणेस निघाले. तट दुरुस्त झाले, पाणी साठविले गेले. यशयाची तक्रार ही तयारी केल्याबद्दल नव्हती. ती करताना परमेश्वराकडे पाहण्याचे राहून गेले, याबद्दल होती. ७०१ मध्ये सन्हेरीब आला. तटबंदीची ४६ नगरे घेतल्याचे त्याचाच कोरीव लेख सांगतो. लाखीशच्या पाडावाची शिल्पे आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मिसरकडून ना नगरे वाचली, ना जबर खंडणी टळली.

यरुशलेम मात्र वाचले. तेव्हा देवाचे मंदिर जेथे आहे ते नगर पडणारच नाही, अशी समजूत पुढे रूढ झाली. तिच्यावर शतकाभराने घणाघात केला तो यिर्मयाने, आणि तोही मंदिराच्याच दारात उभे राहून. परके, अनाथ व विधवा यांच्यावर जुलूम चालू असेल तर मंदिर तुम्हांस तारणार नाही, असे त्याने सुनावले. देवावरील विश्वास म्हणजे स्वस्थ बसण्याचा परवाना, असे मानणाऱ्यांस संदेष्ट्यांनीच दिलेले हे उत्तर होय.

आमच्या मते या वादाचा निर्णय एका घटनेत आहे. बाबेलचा वेढा पडला असता राजा सिद्कीया व नगरातील प्रतिष्ठित यांनी देवासमक्ष करार करून आपल्या इब्री दासदासींना मुक्त केले. इतक्यात मिसरची सेना निघाल्याची वार्ता आली आणि वेढा उठला. त्याबरोबर मुक्त केलेल्यांना धरून आणून पुन्हा दास्यात लोटण्यात आले! परक्या घोड्यांच्या टापा कानी पडल्या आणि करार मोडला. यिर्मया संतापला तो याच गोष्टीवर. मिसरचे सैन्य परतले, बाबेलचे पुन्हा आले आणि ५८६ च्या सुमारास नगर जळून खाक झाले.

संदेष्ट्यांचा विरोध सामर्थ्याला नव्हता. सामर्थ्य पाठीशी आहे असे वाटताच न्यायाचा विसर पाडणाऱ्या निर्धास्तपणाला तो होता. अन्यायाचे हुकूम लिहिणाऱ्यांचाही यशयाने धिक्कार केला आहे, हे लेखणी चालविणाऱ्या आम्हां सर्वांनी लक्षात ठेवावे. संकटात दिलेला शब्द संकट टळल्यावर पाळतो की नाही, यावरून विश्वासाची परीक्षा होते. त्या परीक्षेत सिद्कीयाचा दरबार नापास झाला. तिला व्यवहारशून्य म्हणण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?