पुरात आधी गोठा हलवा, मग घर



मे संपत आला. सगळे बी-खताच्या गडबडीत. मी मात्र काल गल्लीतली जनावरं मोजत फिरलो. लोक हसले. हसू दे.

२०१९ ला आपल्या शिरोळ भागात काय झालं ते आठवा. ऑगस्टचा पहिला आठवडा. तिकडं ओडिशाच्या किनाऱ्याला डीप डिप्रेशन आलं, त्यानं घाटावर पावसाला आणखी जोर चढला, राधानगरीचे दरवाजे उघडले, कोयना सुटली. टीव्हीवर वादळाची बातमी बघताना आपल्याला वाटलं, ते समुद्राकाठच्या लोकांचं दुखणं. आपण नदीकाठचे, पण समुद्रापासून लांब. आपल्या शिवारात तर पाऊस उघडलावता! पण वरचं पाणी येतच होतं. त्यात कृष्णा तुडुंब, म्हणजे पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, फुगवटा मागं येतो. आपल्याकडं पूर असाच चढतो, गुपचूप, आणि उतरायला आठवडा घेतो.

गाडी फिरली, "घरं सोडा" म्हणून सांगून गेली. आम्ही सोडलं नाही. कारण दोन. एक, २००५ चं पाणी आमच्या उंबऱ्याच्या खालीच थांबलेलं. म्हाताऱ्यांनी त्याच खुणेवर भरवसा ठेवला. दुसरं आणि खरं कारण म्हणजे दावणीला पाच जनावरं. शाळेत आमची सोय होती, म्हशींची नव्हती. ज्या म्हशीच्या दुधावर घर चालतं तिला पाण्यात बांधून कोण जाणार? शेवटी रस्ता गेला, आम्ही बोटीनं निघालो. दोन जनावरं परत दिसली नाहीत. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला नाव उलटली, ती बातमी आम्ही छावणीत ऐकली. उशिरा निघालेल्याच्या वाट्याला शेवटी बोटच येते.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. शेतकरी हट्टी म्हणून घर सोडत नाही, जनावरांपायी सोडत नाही. आराखड्यात माणसं आणि बोटी मोजून भागायचं नाही, दावणी मोजा. ग्रामपंचायतीनं १ जूनआधी ठरवावं: कुठल्या गल्लीची जनावरं कुठल्या माळावर, ट्रॉली कुणाची, वैरण कुणाकडं.

आमच्या गल्लीचा हिशोब सांगतो. लहानमोठी ४१ जनावरं, ट्रॉल्या ३. एका ट्रॉलीत चार नीट बसतात. म्हणजे चार फेऱ्या. चढवणं, उतरवणं, येणं-जाणं धरून फेरीला अडीच तास. एकूण दहा तास, तेही उजेडात आणि रस्ता उघडा असताना. धोका पातळीची वाट बघितली तर हे दहा तास मिळतच नाहीत. राजाराम बंधाऱ्यावर इशारा ३९ फूट, धोका ४३. २०१९ ला पाणी ५५ च्या वर गेलं. आमच्या घरची खूण आता ३९. आकडा आला की ट्रॉली जोडायची, मग पाणी उतरलं तरी चालेल. एक फेरी फुकट गेली तर डिझेल जातं, बाकी काय जात नाही.

पहिल्या फेरीत गाभण आणि वासरं. घटसर्प-फऱ्याची लस आत्ताच टोचून घ्या, माळावर दहा गोठ्यांची जनावरं एकत्र येतात. कानातला बिल्ला दिसेल असा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, पंचनाम्याला लागतो. मुरघासाच्या बॅगा आधीच उंचावर टाका. आणि अगदीच सापडलात तर दावं कापा. मोकळं जनावर पोहतं, बांधलेलं मरतं. आमची दोन बांधलेली होती.

माळाची जागा अजून ठरलेली नाही. जागामालक म्हणतो शेण कोण काढणार. रविवारी परत जाणार आहे त्याच्याकडं.