सोयाबीनमध्ये भूत लपत नाही

गेल्या रविवारी सदरकाराच्या भाच्याने ‘तुंबाड’ दीडपट वेगाने पाहिला. मोबाइलवर, भरदुपारी, समोर पोह्यांची बशी, आणि आजी झोपली आहे म्हणून आवाज बंद. पडद्याच्या तळाशी इंग्रजी अक्षरं पळत होती, त्यावर त्याचं भागत होतं. सव्वा तासात हस्तर, म्हातारी, सोन्याच्या मुद्रा असं सगळं उरकून त्याने निकाल दिला, “बरा आहे. थोडा स्लो आहे.”

भाचा पाहुणा होता, म्हणून सदरकार गप्प बसला. तो राग इथे निघतो आहे.

हे सदर नेमाने वाचणाऱ्यांना ठाऊक आहे की सदरकार भयपट पाहताना डोळे मिटत नाही, कानांत बोटं घालतो. घरचे हसतात, हसोत. भूत एकदा दिसलं की माणूस निम्मा सुटतो. हे रबराचं, हा मेकअप, हे डोळा लगेच हेरतो. कान बिचारा भोळा. हिचकॉकला ‘सायको’मधला (१९६०) न्हाणीघरातला खून संगीताविना हवा होता. बर्नार्ड हरमनने तरीही त्यावर व्हायोलिनच्या किंकाळ्या लिहिल्या आणि त्या ऐकल्यावर हिचकॉकने आपलं म्हणणं मागे घेतलं. आपल्याकडे तर त्याच्या अकरा वर्षं आधी, ‘महल’च्या (१९४९) वेळी, लताबाईंना दूर कोपऱ्यात उभं करून गात गात माइककडे चालत यायला लावलं होतं. कुणीतरी जवळ येतंय, हे प्रेक्षकाला तेवढ्यावर कळतं. तेव्हा आवाज बंद करून भयपट पाहणाऱ्याने तो पाहिला, असं सदरकार मानायला तयार नाही.

‘तुंबाड’ची हकिगत थोडक्यात अशी. राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट ऑक्टोबर २०१८मध्ये आला, तेव्हा बेताचाच चालला. सप्टेंबर २०२४मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा कितीतरी जास्त गल्ला जमवून गेला. आभाळ खरंच भरलेलं हवं म्हणून चित्रीकरण काही पावसाळे रेंगाळलं. गोष्टीच्या मुळाशी नारायण धारप आहेत. धारपांची एक कथा एका मित्राने १९९३मध्ये नागझिरा अभयारण्यात सांगितली आणि आपली पाचावर धारण बसली, असं बर्वे सांगतात.

आता नागझिरा कुठे, तर तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात. म्हणजे माणूस घाबरला विदर्भात आणि सिनेमा काढला कोकणावर!

सदरकाराचा जुना आकस आहे तो हाच. मराठी भुताचं आधार कार्ड काढलं तर पत्ता रत्नागिरी नाहीतर सिंधुदुर्गचाच निघेल. ‘रात्रीस खेळ चाले’मधले अण्णा नाईक सावंतवाडीजवळच्या आकेरीच्या वाड्यात. ‘मुंज्या’ (२०२४) कोकणातला, त्याची चेटुकवाडीही तिकडलीच. खरं तर मुंजा प्रत्येक गावच्या पिंपळावर असतो, आपल्या वाशिम जिल्ह्यातल्या पिंपळांनी काय घोडं मारलंय? पडवी, माजघर, आड, फणस आणि कोसळणारा पाऊस एवढं सामान जमलं की दिग्दर्शक निर्धास्त. तात्या विंचू (१९९३) तेवढा यातून सुटला, कारण तो बाहुला, बॅगेत घालून कुठेही नेता येतो.

वाशिम हे वाकाटकांच्या एका शाखेच्या राजधानीचं गाव. वत्सगुल्म म्हणून त्याचं नाव दीड हजार वर्षांपूर्वीपासून आहे. जिल्हा व्हायला मात्र १ जुलै १९९८ उजाडावा लागला, आणि पडद्यावरचं भूत अजून मंजूर झालेलं नाही. सेट म्हणाल तर आयता आहे. मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळला जाणारी अरुंद रुळांची ‘शकुंतला’ आता धावत नाही. १९९४पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. असा मार्ग, अशी स्टेशनं परदेशात असती तर तीन भाग निघून चौथ्याची जाहिरात लागली असती.

रामसे बंधूंनाही हवेलीवाचून करमत नसे. ‘पुराना मंदिर’ (१९८४) सदरकार अजूनही आवडीने पाहतो, पण त्यातल्या सामरीला घाबरण्यापेक्षा त्याच्या उंचीचं कौतुक करण्यात जास्त वेळ जातो. राम गोपाल वर्मांनी बरं केलं. ‘रात’मध्ये (१९९२) साधं कुटुंबाचं घर घेतलं आणि ‘भूत’मध्ये (२००३) मुंबईचा फ्लॅट, वर एकही गाणं नाही. ज्याला स्वतःच्या घरातला पंखा, फ्रीज, लिफ्ट यांची भीती वाटायला लागली तो प्रेक्षक कामातून गेला. मराठीत विशाल फुरियांचा ‘लपाछपी’ (२०१७) याच वाटेने गेला, भूत वाड्यातून काढून उसाच्या फडात नेलं. पुढे त्यांनीच तो हिंदीत ‘छोरी’ (२०२१) म्हणून केला. सदरकाराच्या मते अलीकडच्या मराठी भयपटांत तोच पहिला, मग बाकीचे.

पण उसात भूत लपतं. सोयाबीनमध्ये कसं लपणार? पीक जेमतेम मांडीला लागतं. खरिपात आपल्याकडे जिकडे पाहावं तिकडे सोयाबीन, आणि दबा धरायचा तर भुताला रात्रभर उकिडवं बसावं लागेल. उरली तूर. ती डिसेंबरात डोक्याच्या वर जाते, आत गेलेला माणूस दोन तासांपलीकडे दिसत नाही, आणि शेंगा वाळल्या की वारा नसतानाही कुठेतरी खुळखुळ होते. तो आवाज ज्याने रात्री एकट्याने ऐकलाय, त्याला हिचकॉकची व्हायोलिनं नकोत.

आणि रात्री एकट्याने शेतात असणारी माणसं इथे ढिगाने आहेत. सदरकाराचा चुलतभाऊ रिसोडकडे शेती करतो. लाईनीची पाळी रात्रीची आली की हरभऱ्याला पाणी द्यायला तो बारा वाजता निघतो. थंडीत स्प्रिंकलरचे पाइप या तासातून त्या तासात बदलायचे. दोन्ही हात पाइपाला, म्हणून बॅटरी दातांत धरलेली. मान वळेल तिकडेच उजेड पडतो, बाकी सगळा काळोख. स्टार्टरच्या पेटीचं झाकण तो आधी काठीने उघडतो, कारण उबेला आत काय येऊन बसलेलं असेल याचा नेम नाही. दिवसा वीज देण्याची सौर कृषी वाहिनी योजना सगळीकडे नीट पोचली तर हा प्रकार संपेल, आणि संपावाच.

जागलीची तऱ्हा आणखी निराळी. रोही आणि रानडुकरं एका रात्रीत वावर साफ करतात. पूर्वी माणसं माळ्यावर बसून डबे बडवत. मग झटका मशीन आलं. आणि आता भोंगा. बॅटरीवर चालणारं छोटं यंत्र धुऱ्यावर टांगायचं, त्यातून वाघाची डरकाळी, कुत्र्यांचं भुंकणं आणि माणसाची आरोळी आलटून पालटून वाजत राहते. चार शिवारांत चार भोंगे लावले की मध्यरात्री जे काही ऐकू येतं ते कोणत्याही ध्वनिसंयोजकाला जमलेलं नाही.

“पहिले आठ दिस डुकरं फिरकली नाईत,” चुलतभाऊ सांगत होता. “मंग एक दिवस पाह्यलं त भोंग्याच्या खालीच चरून राह्यली.”

सदरकाराला आजच्या भयपटांविषयी जे म्हणायचं आहे ते या डुकरांनी म्हणून ठेवलं आहे. आरसा दिसला की मागे कोणीतरी उभं. मांजर आडवं गेलं, हुश्श केलं, की लगेच धाडकन काहीतरी. ठरावीक वेळाने तीच डरकाळी. प्रेक्षक पहिले आठ दिवस दचकतो, नंतर पॉपकॉर्नचा डबा घेऊन भोंग्याखाली चरत बसतो. शेतकऱ्यांनी यावर तोडही काढली आहे. आवाजांचा क्रम बदलायचा, भोंग्याची जागा बदलायची, मधूनच एखादी रात्र तो बंदच ठेवायचा. त्या बंद रात्री डुकरं जास्त बिचकतात, असं चुलतभावाचं म्हणणं. चित्रपट शिकवणाऱ्या संस्थांनी एखादं सत्र रिसोड तालुक्यात घ्यायला हरकत नाही. जेवणाची सोय होईल.

हेच डोक्यात घेऊन सदरकाराने त्याला ‘तुंबाड’ दाखवला. घरातल्या टीव्हीवर, आवाज पूर्ण, वेग जसाच्या तसा. त्यातला विनायक पिठाची बाहुली घेऊन खाली उतरतो तेव्हा वहिनींनी पदर तोंडाशी धरला, पोरं एकमेकांना चिकटली. चुलतभाऊ मात्र मघापासून पावसाकडेच पाहत होता. घाटात पाऊस, अंगणात पाऊस, वाड्याच्या भिंतीवरून ओघळणारा पाऊस.

“एवढा नको,” तो शेवटी बोलला, “पण याच्या अर्धा ऑगस्टात पडला असता त शेंगा भरल्या असत्या का नाई?”

सदरकाराने गाडी हस्तरकडे वळवून पाहिली. वहिनींनी शेंगांवरून सोयाबीनचा भाव काढला, शेजाऱ्याने हमीभाव, आणि मग खरेदी केंद्रावर बारदाना का नव्हता यावर जे पेटलं ते जेवणं वाढेपर्यंत विझलं नाही.