पाण्यावर सांज, काठावर जेवण

उजनी धरणाच्या जलाशयावर जलपर्यटन म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पणजीची मांडवी येते. सूर्य कलू लागला की सांता मोनिका धक्क्यावरून बोट सुटते, वर देखणी आणि फुगडी होते, मागोमाग पोर्तुगीज वळणाचं कोरिदिन्यो होतं आणि तासाभरात बोट परत धक्क्याला लागते. ज्यांना जेवायचंही असतं त्यांच्यासाठी जेवणाच्या बोटी असतात. आपल्याकडेही असं काही व्हावं असं करमाळा-माढ्याच्या माणसाला वाटलं तर त्यात गैर काही नाही. २०२४ साली राज्य शासनाने सोलापूर जिल्ह्याच्या एकात्मिक पर्यटन आराखड्याला २८२ कोटी ७५ लाख रुपयांची मान्यता दिली आणि त्यात उजनीच्या जलपर्यटनाला मोठी जागा आहे. पैसा आला की कागदावरच्या चित्राला आकार येऊ लागतो. तो आकार पक्का होण्याआधी काठावरच्या गावांनी आपलं म्हणणं मांडायला हवं, म्हणून हा लेख.

उजनीवर बोट हवी, आपली लोककला हवी, आपलं जेवणही हवं. पण रात्रीच्या अंधारात जलाशयाच्या मधोमध फिरणारी डिनर क्रूझ नको. बोटीने मावळतीपर्यंत फेरी मारावी आणि दिवेलागणीच्या आत काठाला लागावं. त्यानंतरचं जेवण आणि खेळ गावात, जमिनीवर व्हावेत.

मांडवीचं पाणी भरती-ओहोटीने वरखाली होतं, पण त्याचं वेळापत्रक ठरलेलं असतं आणि धक्का वर्षभर जागेवर असतो. उजनीचं तसं नाही. १९६६ साली काम सुरू होऊन १९८० मध्ये पुरं झालेल्या या धरणात ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा आहे, म्हणजे दारं उघडून नदी-कालव्यात सोडायचं पाणी उरलं सुमारे ५४ टीएमसी. धरण शंभर टक्के भरलं की पातळी ४९६.८३ मीटर असते आणि शून्य टक्क्याला ४९१.०३ मीटर. सहा मीटरही फरक नाही. पण आपला काठ इतका सपाट आहे की या सहा मीटरांत पाणी कुठल्या कुठे मागे सरतं. त्यात धरण शून्यावर थांबत नाही, 'मायनस'मध्ये जातं. २०२४ च्या जूनमध्ये ते उणे ६० टक्क्यांच्या घरात होतं. दिवाळीत जिथे बोट लागते तिथे वैशाखात भेगाळलेला गाळ असतो. पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, कुगावचा इनामदारांचा वाडा वर येतो, लोक दर्शनाला आणि फोटोला जातात. पाणी चढलं की हेच चिरे, भिंती, विहिरींचे कठडे, वठलेली झाडं पुन्हा पाण्याखाली जातात आणि मधल्या काही आठवड्यांत हातभर पाण्याखाली दडून बसतात. कुठे काय आहे हे मासेमारी करणाऱ्या भोयांना पाठ असतं. मोठ्या बोटीच्या चालकाला रात्री ते कसं कळणार?

याहून मोठी गोष्ट वाऱ्याची आहे. ३० एप्रिल २०१७ रोजी उजनीत फिरायला निघालेल्या माळशिरस तालुक्यातल्या डॉक्टरांची बोट उलटली आणि चौघे बुडाले. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळात सापडून उलटली. त्यात सहा जण गेले, दोन तर अगदी लहान मुलं होती. एकटा माणूस पोहत काठाला लागला. या दोन तारखा काठावर कुणाला सांगाव्या लागत नाहीत. वळवाच्या दिवसांत दुपार तापते, पश्चिमेला ढग दाटतात आणि दिवस मावळायच्या सुमाराला वारं सुटतं. पाणी पसरट, मध्ये डोंगर नाही की झाडी नाही, त्यामुळे पाहता पाहता लाट चढते. डिनर क्रूझची वेळ नेमकी हीच.

कुगाव-कळाशीची ती बोट पर्यटनाची नव्हती, हेही लक्षात ठेवायला हवं. करमाळा तालुक्यातल्या माणसाला पलीकडे इंदापूरला जायचं तर पाण्यावरून थोडक्यात जाता येतं, रस्त्याने मोठा वळसा पडतो. म्हणून लोक लाँचने जातात, मोटारसायकलीही लाँचवर चढवतात. कुगाव-शिरसोडी पूल मंजूर झाला आहे, तो होईल तेव्हा त्या दोन काठांचा प्रश्न सुटेल. बाकीच्या गावांची माणसं तोवर आणि त्यानंतरही पाण्यावरूनच जाणार. पर्यटनासाठी तरंगता धक्का बांधायचा असेल तर तो आधी या रोजच्या माणसांच्या उपयोगी पडला पाहिजे. लाइफ जॅकेट पुण्याहून आलेल्या पाहुण्याला आणि बाजाराला निघालेल्या बाईला नाही, असं एकाही धक्क्यावर चालू नये. २०२१ च्या इनलँड व्हेसल्स कायद्याने आतल्या पाण्यावरच्या यांत्रिक बोटींना नोंदणी आणि तपासणी बंधनकारक केली आहे. वाऱ्याचा इशारा आला की सगळ्या फेऱ्या बंद, हा नियम क्रूझला लावायचा तर लाँचलाही लावा आणि त्या दिवशी अडकलेल्या माणसांसाठी एसटीची जादा गाडी सोडा.

रात्रीच्या बोटीला आणखी एक अडचण आहे, ती पर्यटनाच्या बैठकांत क्वचित निघत असेल. मच्छीमार संध्याकाळी जाळी सोडतात आणि पहाटे काढतात. रात्रभर पाण्यात जाळी असते. मोठ्या बोटीचा पंखा त्यातून गेला तर एका घराची महिन्याची कमाई जाते. वडापसारख्या बारीक आसाच्या जाळ्यांनी लहान मासे ओढणाऱ्यांविरुद्ध इथले मच्छीमार किती दिवस भांडत आले आहेत. त्यांच्यापुढे आता आणखी एक संकट उभं करू नये.

पक्ष्यांचंही आहे. पाणी उतरू लागलं की कुंभारगाव, डिकसळ, केत्तूर, पोमलवाडीच्या उथळ पाण्यात रोहित उतरतात, हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात. चित्रबलाक तर इंदापूरच्या झाडांवर घरटी करतात. रोहित रात्रीही चरतात. ज्या पक्ष्यांना पाहायला लोक पुण्या-मुंबईहून पहाटे निघून येतात, त्यांच्या डोक्यावर रात्री कर्णे आणि झोतदिवे फिरवायचे, हा व्यवहार तोट्याचा आहे. सकाळचा पर्यटक घालवून संध्याकाळचा मिळवण्यात गावाचं काय भलं?

पाण्याबद्दल बोलताना मला राग आवरत नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथे येतं. उन्हाळ्यात पाण्यावर हिरवी साय धरते, जलपर्णी तटते, वास येतो. हेच पाणी सोलापूर शहर पितं, हेच आषाढी-कार्तिकीला पंढरपुरात चंद्रभागेत सोडतात. त्यात बोटीवरच्या स्वयंपाकघराचं खरकटं आणि शौचालयाचं पाणी पडू देणार नाही, अशी हमी कोण देणार? चूल जमिनीवर असेल तर हा प्रश्नच मिटतो. आणि वरून येणारी घाण थांबवल्याशिवाय जलपर्यटनाचा एकही फलक लावू नये, असं शासनाला ठणकावून सांगायचा हक्क आपल्याला आहे. ज्यांची घरं, शिवार आणि देवळं पाण्याखाली गेली त्यांना तो हक्क नसेल तर कुणाला असेल?

आता लोककलेकडे येतो. जेवण आणि खेळ जमिनीवर हवेत, हे माझं म्हणणं सगळ्यात जास्त तिच्यासाठी आहे.

हलगी घ्या. थंडीच्या दिवसांत हलगीचं कातडं सैल पडतं, ते जाळावर शेकावं लागतं. शेकली की ती कडाडते, थोड्या वेळाने उतरते, पुन्हा शेकायची. बोटीच्या डेकवर जाळ कोण करू देईल? गोंधळ्याच्या हाती दिवटी असते, तीही बोटीवर पेटवता यायची नाही. धनगरांच्या गजीनृत्यात मध्ये ढोल आणि भोवती गडी रिंगण धरतात. रंगीत रुमाल हवेत एका लयीत उडू लागले की ते रिंगण वाढत जातं, त्याला खळं किंवा देवळापुढचं पटांगण लागतं. भारूड करणारा समोरच्या माणसाला हाताला धरून उठवतो, त्याच्याशी भांडतो, त्याला हसवतो. बोटीवर टेबल मांडून जेवणाऱ्यापुढे हे काही व्हायचं नाही. तिथे इंजिनाच्या आवाजावर मात करायला मोठे स्पीकर लागतील, स्पीकर आले की तयार ट्रॅक येईल, आणि शेवटी नऊवारी नेसलेल्या दोन मुली सिनेमातल्या गाण्यावर नाचतील. त्याला पारंपरिक मनोरंजन म्हटलं जाईल. सोलापूर ही शाहीर राम जोशींची भूमी, बार्शी हे शाहीर अमर शेखांचं जन्मगाव, मोडनिंबची कलाकेंद्रं आजही संगीत बारीसाठी ओळखली जातात. इतकं असताना पाहुण्याला उसनं का दाखवायचं?

लावणीबद्दल वेगळं बोलायला हवं. बैठकीची लावणी ऐकायची कला आहे. एकेक ओळ घोळवत, अदा बदलत गाणारी बाई आणि तिच्यापुढे मन लावून बसलेले रसिक, हा तिचा रीतसर थाट. ताटं वाजतायत, दारूचे पेले फिरतायत, कुणी नोटा उधळतोय, आणि चहूबाजूंनी पाणी असल्याने कलावंताला उठून जाताही येत नाही, अशा जागी एकाही बाईला उभं करू नये. कार्यक्रमात दारू नको, दौलतजादा नको. बिदागी आधी ठरलेली असावी आणि त्याच रात्री हातात पडावी. जागरण-गोंधळ हा ज्यांचा कुळाचार आहे त्यांनी ठरवावं की त्यातलं काय पाहुण्यांपुढे मांडायचं आणि काय देवापुढेच ठेवायचं. पर्यटन खात्याने ते ठरवू नये.

गावजत्रांच्या सुपाऱ्या चैत्र-वैशाखात असतात. थंडीत अनेक कलावंतांचे हात रिकामे राहतात. उजनी नेमकी तेव्हा भरलेली असते, वारं शांत असतं, पक्षी आलेले असतात आणि शेतात हुरडा असतो. निसर्गानेच जुळवून दिलेला हा हंगाम आहे. कार्तिकापासून माघापर्यंत फेऱ्या चालवा आणि फाल्गुन लागला की बंद करा. चार महिने नीट चाललेला धंदा गावाला पुरतो.

जेवणाचं तर सांगायलाच नको. भिगवण-इंदापूरच्या मासळी बाजाराचं नाव पुण्यापर्यंत आहे. कुरकुरीत चिलापी, मरळीचं कालवण, वाम, ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी, करमाळ्याकडची बाजार आमटी, कंदरची केळी. शाकाहारी पाहुण्याला हुलग्याचं माडगं आणि शेंगोळ्या. हे सगळं काठावरच्या घरात रोज शिजतं. बोटीवर जेवण ठेवलं की त्याचं कंत्राट शहरातल्या केटररकडे जातं आणि आपल्या बाया भांडी घासायला उरतात. जेवण काठावर ठेवलं तर बचत गटाची चूल पेटते, मासा थेट भोयाकडून घेतला जातो आणि पाहुणा भाकरी थापणारीशी दोन शब्द बोलतो. कुणी म्हणेल, पाण्यावर जेवायची मजा काठावर नाही. मान्य आहे. पण सूर्य केशरी होऊन पाण्यात उतरतो ते पाहायचं सुख बोटीवर मिळतंच, त्यानंतर मधोमध फक्त काळोख असतो. मांडवीवर दोन्ही तीरांना पणजीचे दिवे आहेत, आपल्याकडे ते नाहीत आणि असूही नयेत.

राहिला मालकीचा प्रश्न. चिखलठाण, वांगी, कुगाव, केत्तूर या गावांनी धरणासाठी जमीन दिली. त्यातल्या अनेकांच्या हाती पाण्याच्या कडेला राहूनही पाण्याचं फारसं काही आलं नाही. बोट मोठ्या कंपनीने चालवली तर ही माणसं पुन्हा बघे होतील. ज्याला पाण्याखालची प्रत्येक भिंत ठाऊक आहे त्या भोयाच्या मुलाला सुकाणूचं प्रशिक्षण आणि परवाना द्या. मच्छीमार संस्थांना बोटींत भागीदार करा. धक्क्याचं भाडं ग्रामपंचायतीला द्या.

निविदा निघाली की अटी बदलत नाहीत. म्हणून करमाळा, माढा, इंदापूरच्या काठावर राहणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या आणि लेखी ठराव करा: दिवेलागणीनंतर बोट नाही, बोटीवर स्वयंपाक नाही, रोजच्या लाँचला तोच धक्का आणि तीच सुरक्षा, खेळ आणि जेवण गावातल्या माणसांचं. ठरावाची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना पाठवा, एक आपल्याकडे जपून ठेवा.