आईला चालता येतं, तरी व्हीलचेअर हवी

माझी आई दर वर्षी हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री सिडकोतल्या घरातून चालत खुलताबादला जाते. भद्रा मारुतीला. पंचवीसेक किलोमीटर, त्यात दौलताबादचा घाट. छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्यांना हे सांगायला नको. त्या रात्री अर्धं शहर त्या रस्त्यावर असतं. पहाटे दर्शन घेऊन ती एसटीनं परत येते आणि दहा वाजता स्वयंपाकाला लागते. वय ६१. गुडघे माझ्यापेक्षा बरे.

हीच बाई विमानतळावर व्हीलचेअरवर बसते.

तुम्ही हसलात तर मी समजू शकतो, मीही हसायचो. भारतातून अमेरिकेला जाणाऱ्या विमानांवरचा तो विनोद तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येऊन गेला असेल: चढताना वीस जण व्हीलचेअरवर, उतरताना सगळे तुरुतुरु चालत. चमत्कार! आमच्या ऑफिसात एकानं हा विनोद सांगितला तेव्हा सगळ्यात मोठ्यानं मी हसलो होतो. तोपर्यंत आई एकदाही एकटी विमानात बसली नव्हती.

मग २०२२ मध्ये ताईचं बाळंतपण आलं. ताई डॅलसला असते. बाबा यायला तयार नव्हते, मला रजा नव्हती. आई एकटी निघाली. मुंबईहून आखातातलं एक मोठं विमानतळ, तिथं विमान बदलायचं, मग थेट डॅलस. मधे तीन तास. भरपूर वेळ आहे, असं मीच म्हणालो होतो.

आखातात उतरल्यावर पहिल्याच वळणावर दोन बाण होते. एकावर ‘अरायव्हल्स’, दुसऱ्यावर ‘ट्रान्स्फर्स’. आई अरायव्हल्सच्या बाणामागे गेली. का जाणार नाही? ती पोचली होती! अरायव्हल म्हणजे पोचणं, एवढं इंग्रजी तिला येतं. तिनं जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं मुलांना शिकवलंय. ट्रान्स्फर या शब्दाचा अर्थ तर तिला तुमच्या-माझ्यापेक्षा नीट माहीत आहे, कारण शिक्षकाच्या आयुष्यात ट्रान्स्फर म्हणजे बदली. कन्नड तालुक्यातून पैठण तालुक्यात. तो बाण आपला असेल असं तिला वाटायचं काही कारणच नव्हतं.

पासपोर्टच्या रांगेत ती तासभर उभी राहिली. खिडकीतल्या माणसानं पासपोर्ट पाहिला, बोर्डिंग पास पाहिला आणि हातानं मागे जायची खूण केली. मागे म्हणजे कुठे, ते त्या खुणेत नव्हतं. वायफायसाठी ईमेल टाकावा लागत होता. आईचा ईमेल मी काढलेला, पासवर्ड माझ्या लॅपटॉपमध्ये. शेवटी साफसफाई करणाऱ्या एका पाकिस्तानी माणसानं हातातलं काम सोडून तिला योग्य मजल्यावर नेलं. तोवर गेट बंद झालं होतं. पुढचं विमान नऊ तासांनी. त्या नऊ तासांत डॅलसला ताई, इथं मी आणि बाबा, तिघांनी काय काय कल्पना केल्या असतील ते लिहीत बसत नाही. आई पोचल्यावर फोनवर एवढंच म्हणाली, “माझंच चुकलं रे. मला वाचता आलं नाही.”

तीस वर्षं पोरांना वाचायला शिकवलेली बाई असं म्हणाली.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या धंद्यात एक जुनी चूक आहे: यंत्रणेच्या आतली भाषा तशीच्या तशी पडद्यावर येते. डेटाबेसमध्ये रकान्याचं नाव जे असेल तेच बटणावर. लिहिणाऱ्याला ते स्वच्छ कळतं, कारण त्यानंच ते लिहिलेलं असतं. ‘अरायव्हल्स’ हा शब्द अगदी तसा आहे. विमानतळाच्या आतल्या भाषेत त्याचा अर्थ ‘या शहरात राहणारे किंवा राहायला आलेले, बाहेर पडा’ असा आहे. प्रवाशाच्या भाषेत त्याचा अर्थ ‘मी उतरलो’. दोन्ही बाणांकडे जाणारा प्रत्येक माणूस उतरलेलाच असतो. आमच्याकडे कुणी असं बटण ठेवलं आणि हजारो लोक चुकीचं दाबायला लागले, तर रिव्ह्यू मीटिंगमध्ये लोकांना दोष देणाऱ्याला बाहेर काढतात. विमानतळाच्या बाबतीत मात्र आपण दोष आईबापांना देतो, आणि त्यांना ट्रेनिंग.

ट्रेनिंग मीही दिलं. परतीच्या प्रवासासाठी दहा पानांची पीडीएफ केली, फोटो, बाण, लाल वर्तुळं. ताईनं ती छापून लॅमिनेट करून दिली. ज्या प्रॉडक्टला दहा पानांचं मॅन्युअल लागतं त्याला आम्ही ऑफिसात काय म्हणतो ते इथं छापता येणार नाही.

ताई माझ्यापेक्षा शहाणी. तिनं परतीच्या तिकिटावर व्हीलचेअर टाकली. मी फोनवर भांडलो. हे खोटं आहे, खऱ्या गरजूची खुर्ची आपण घेतोय वगैरे. ताई म्हणाली, “फॉर्ममध्ये ‘आईला रस्ता दाखवा’ असा पर्याय असता तर मी तोच निवडला असता. नाहीये. तू शोधून दे.”

मी शोधला, आणि तिथून माझा राग दुसरीकडे वळला. विमान कंपन्यांच्या बुकिंग यंत्रणेत प्रवाशाच्या खास गरजांसाठी चार अक्षरी कोड असतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे जिने चढता येतात पण लांब चालवत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिनेही चढता येत नाहीत. डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंत न्यावं लागतं. आणि याच यादीत आहे एमएएएस: ‘मीट अँड असिस्ट’. माणूस भेटेल, सोबत चालेल, रस्ता दाखवेल. खुर्ची नको, ढकलणारा नको. म्हणजे ही गरज विमानवाहतुकीला ठाऊक आहे, तिला नाव आहे, यंत्रणेत तिची जागा आहे. मी पाहिलेल्या एकाही बुकिंग साइटवर तो पर्याय साध्या प्रवाशाला दिसत नव्हता. व्हीलचेअरचा चौकोन मात्र सगळीकडे. मोठ्या विमानतळांवर ‘मीट अँड ग्रीट’ नावाची सेवा मिळते. हजारो रुपये मोजा, सूट घातलेला माणूस तुमच्या नावाची पाटी घेऊन उभा. म्हणजे रस्ता दाखवणं ही चैनीची वस्तू, आणि ती परवडत नसेल तर अपंग असल्याचं नाटक करा. आपल्या आईबापांना खोटं बोलायला या फॉर्मनं लावलं आणि वर विनोदही त्यांच्यावरच.

आता समोरच्या बाजूचं ऐकू, कारण ती बाजू पोकळ नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईला उतरलेला ८० वर्षांचा एक प्रवासी विमानातून इमिग्रेशनकडे चालत जाताना कोसळला आणि गेला. नवरा-बायको दोघांनी व्हीलचेअर मागितल्या होत्या, मिळाली एकच. ती बायकोला देऊन तो चालत निघाला. नागरी विमानवाहतूक महासंचालनालयानं एअर इंडियाला ३० लाखांचा दंड केला. कंपनीचं म्हणणं होतं की खुर्च्यांना मागणी फार होती. ही बातमी वाचल्यावर मी दोन दिवस ताईशी नीट बोललो नाही. त्या मागणीत माझ्या आईसारख्या किती जणी असतील? पण जितका विचार केला तितकं स्पष्ट होत गेलं. ज्याला पाय साथ देत नाहीत आणि जिला बाण साथ देत नाहीत, या दोघांना एकाच रांगेत त्या दोघांनी उभं केलेलं नाही. दुसरी रांगच कुणी काढली नाही म्हणून ती दोघं एकमेकांची वैरी झाली.

‘इंग्रजी शिकवा ना त्यांना,’ असं म्हणणारे असतात. मी इंजिनिअर आहे, दिवसभर इंग्रजीत मेल लिहितो, आणि पहिल्यांदा परदेशात उतरलो तेव्हा टर्मिनल बदलायच्या आतल्या ट्रेनमध्ये उलट्या दिशेनं दोन फेऱ्या मारल्या. फरक एवढाच, की माझ्या फोनमध्ये नेट होतं आणि माझी चूक कुणाला कळली नाही.

‘मराठी पाट्या लावा,’ ही मागणी मला मान्यच आहे. मुंबईच्या विमानतळाच्या नावात छत्रपती शिवाजी महाराज आहेत, तिथं मराठी हवीच. पण आपल्याकडे मराठी पाटी म्हणजे इंग्रजी शब्दाच्या बोकांडी संस्कृत शब्द बसवणं. ‘आगमन’ लिहिल्यानं आईचा घोळ कसा मिटणार? आगमन तर तिचं झालेलंच आहे. ‘इथेच बाहेर जायचंय’ आणि ‘अजून एक विमान पकडायचंय’ अशा दोन पाट्या लावा. शब्द जास्त होतात? चालेल. दुकानांच्या झगमगत्या जाहिरातींना जागा पुरते ना.

दुकानांवरून आठवलं. दौलताबादच्या किल्ल्यात अंधारी आहे, डोंगर पोखरून केलेली काळोखी वाट. शत्रूनं गोंधळावं म्हणूनच ती तशी वळवलेली. गाइड सांगतात, शत्रू उजेडाकडे जायचा आणि थेट खंदकात पडायचा. परक्या माणसाला हरवायचं कसं, याची कला आमच्या शहरापासून अर्ध्या तासावर कातळात आहे, त्यामुळे इमिग्रेशन संपल्या संपल्या लागणारं ड्यूटी फ्रीचं झगमगीत दुकान पाहिलं की मला ती वाट आठवते. सामानाचा पट्टा कुठे हे शोधणारा दमलेला माणूस परफ्यूम आणि दारूच्या उजेडातून वाट काढतो. खंदक नाही, एवढंच.

मुंबईचं टर्मिनल २ सुंदर आहे, मी नाही म्हणत नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये ते सुरू झालं. मोराच्या पिसाऱ्यावरून घेतलेले खांब, भिंतभर कलाकृती. ते स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या अमेरिकी फर्मनं आखलं. पण संभाजीनगरच्या माणसाची तिथली खरी परीक्षा इमारतीच्या सौंदर्याशी संबंधित नाही. तो रात्री दोनला उतरतो. पुढचं विमान चिकलठाण्याचं असलं तरी सामान मुंबईतच उतरवून कस्टम्समधून न्यायचं, मग पुन्हा द्यायचं. हे त्याला कोण सांगतं? पुढचं विमान टर्मिनल १ वरून असेल तर आणखी मजा: विमानतळ एकच, धावपट्ट्या त्याच, पण एक दार सहारला आणि दुसरं सांताक्रूझला, मधे रस्त्यानं चार-पाच किलोमीटर. मेट्रो ३ ला आता दोन्हीकडे स्थानकं आहेत, पण रात्री दोनला मेट्रो झोपलेली असते. आणि एकदा दाराबाहेर पाऊल पडलं की तिकीट दाखवल्याशिवाय परत आत नाही. म्हणून तर आमच्याकडची कुटुंबं अजूनही अर्टिगा भरून समृद्धीनं मुंबई गाठतात. बाहेरच्या कठड्याला टेकून उभे ते चार नातेवाईक हीच आपली खरी वाट दाखवणारी यंत्रणा. गंमत म्हणजे ती बाहेर उभी असते. चुकायचं ते सगळं आत.

हे अवघड आहे, असं मात्र कुणी सांगू नये. १९६९ मध्ये मेक्सिको सिटीची मेट्रो सुरू झाली तेव्हा लान्स वायमन या डिझायनरच्या हाताखाली प्रत्येक स्थानकाला एक चित्र दिलं गेलं, वाचता न येणाऱ्यालाही आपलं स्थानक ओळखता यावं म्हणून. आपण तर त्याच्याही आधी, १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत, बहुसंख्य निरक्षर मतदारांचा देश चित्रांवर चालवून दाखवला.

आणि अगदी घरचं उदाहरण. चिकलठाण्याहून हजला विमानं गेली आहेत. त्यांतून जाणाऱ्यांत आयुष्यात पहिल्यांदा विमान पाहणारे म्हातारेकोतारे असतात. हज कमिटी त्यांना निघण्याआधी प्रशिक्षण देते आणि यात्रेकरूंच्या गटासोबत जबाबदार माणूस पाठवते. जेद्दाला हजयात्रेकरूंसाठी तंबूंच्या छताचं वेगळं टर्मिनलच आहे, १९८१ चं, आणि ते आखणारी फर्मही तीच, मुंबईचं टर्मिनल २ आखणारी. थोडक्यात, पाट्या न वाचता माणूस मोठ्या विमानतळातून कसा न्यायचा याचं उत्तर सरकारलाही माहीत आहे आणि आर्किटेक्टलाही. फक्त माझी आई यात्रेकरू नव्हती, बाळंतपणाला निघालेली आजी होती.

‘अ‍ॅप काढा,’ असं कुणी म्हणायच्या आधी सांगतो: मीच अ‍ॅप काढून पोट भरतो, आणि मला अ‍ॅप नकोय. ज्या क्षणी आई हरवते त्याच क्षणी तिचा फोन मुका झालेला असतो. डिजियात्रा निघणाऱ्यांसाठी आहे, उतरणाऱ्यांसाठी नाही. मला हवी आहे आमच्या मध्यवर्ती बसस्थानकावरची ‘चौकशी’ची खिडकी. तिथला माणूस वैतागलेला असतो, वर न बघता उत्तर देतो, पण ‘पैठण कुठं लागते?’ विचारलं की फलाटाचा आकडा सांगतो. तशी एक खिडकी त्या पहिल्या दोन बाणांच्या मधोमध. तिथं बसलेल्याला हिंदी आणि मराठी यावी. पहाटे तीनलाही तो तिथं असावा. आणि बुकिंगच्या पानावर व्हीलचेअरच्या शेजारी आणखी एक चौकोन. कोड आधीच आहे, तो दाखवणं हे एका स्प्रिंटचंही काम नाही.

ताईच्या मुलाचा वाढदिवस आलाय, आई पुन्हा निघणार आहे. तिची अट एकच, हनुमान जयंतीच्या आत परत यायचं. गेल्या आठवड्यात मी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. एमएएएस टाका म्हणालो. पलीकडच्या मुलीनं ते अक्षर अक्षर करून पुन्हा विचारलं, मला थांबवून ठेवलं, वीस मिनिटं बासरी ऐकवली. मग परत आली आणि अगदी मनापासून म्हणाली, “सर, ते मला इथं दिसतच नाहीये. मॅडमसाठी व्हीलचेअर टाकू का?”

मी म्हणालो, टाका.