गल्लीची कड कोणाची?

रमजानमध्ये असरची नमाज झाली की खान्देशातल्या मोहल्ल्यांचे रस्ते बदलतात. जळगावच्या तांबापुऱ्यात, मेहरूणमध्ये, धुळ्याच्या मौलवीगंजात, वडजाई रोडवर खजूर, टरबूज, भजी आणि फालुद्याच्या लोटगाड्या लागतात. सकाळी कामावर गेलेल्या दुचाकी त्याच तासाभरात परततात आणि गल्लीच्या दोन्ही कडा भरून जातात. त्यात एखादी कार उभी राहिली की क्लासवरून येणारी मुलगी सायकलवरून उतरते आणि सायकल हातात धरून चालू लागते. इफ्तारनंतर तरावीहची वेळ होते, मशिदीसमोर दुचाकींच्या रांगा लागतात. अशा वेळी एखाद्या घरातल्या आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचे झाले, तर रिक्षा बोलावण्याआधी गाड्यांचे मालक शोधावे लागतात.

हे वर्षभर चालते. रमजानमध्ये सगळे एकाच वेळी घराबाहेर असतात, म्हणून ते डोळ्यांवर येते एवढेच. एरवी रस्त्याची चर्चा खड्ड्यांपाशी सुरू होते आणि खड्ड्यांपाशीच संपते. रस्त्याच्या कडेवर हक्क कोणाचा, हा प्रश्न कोणी विचारत नाही. घरासमोरची जागा घरमालकाची, दुकानासमोरची दुकानदाराची आणि मशिदीसमोरची नमाजींची, असे सगळ्यांनी मनाशी धरून ठेवले आहे. प्रत्यक्षात ती जागा सार्वजनिक आहे. तिथून चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा आणि सायकलवरच्या पोराचा तिच्यावर तेवढाच हक्क आहे.

इस्लाममध्ये हा विषय नवा नाही. रस्त्यावर बसणाऱ्यांना पैगंबर मुहम्मद (स.) यांनी रस्त्याचा हक्क अदा करायला सांगितले आणि त्या हक्कांमध्ये कोणाला त्रास न देणे हेही सांगितले. वाटेतली त्रासदायक वस्तू बाजूला करणे हा सदका मानला गेला. नमाज-रोजा हे अल्लाहचे हक्क आहेत, तर शेजाऱ्याला आणि वाटसरूला त्रास न देणे हे हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे हक्क. ज्याचा हक्क मारला त्यानेच माफ करावे लागते, असे उलमा सांगत आले आहेत. वाटेतला दगड उचलणे सदका असेल, तर शेजाऱ्याच्या दारात लावलेली गाडी काय, याचा विचार प्रत्येकाने करावा.

धुळे हे खान्देशातले आखून वसवलेले शहर. १८१८ मध्ये खान्देश इंग्रजांच्या ताब्यात गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे मुख्य ठाणे केले, व्यापाऱ्यांना बोलावून घरांसाठी जागा दिल्या. १८१९ मध्ये या गावात ४०१ घरे आणि २,५०९ माणसे होती. जुन्या धुळ्यात आजही सरळ रेषेत जाणाऱ्या गल्ल्या आहेत आणि पत्ता सांगताना लोक गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच असेच सांगतात. त्या काळात या गल्ल्यांतून बैलगाडी जायची, माल उतरवायची आणि निघून जायची. गाडी रात्रभर गल्लीत ठेवायची कल्पनाच नव्हती. २०११ च्या जनगणनेत धुळ्याची लोकसंख्या पावणेचार लाखांवर आणि जळगावची साडेचार लाखांवर गेली होती. माणसे वाढली, त्यांच्याबरोबर वाहने वाढली. जुन्या गल्लीची रुंदी मात्र होती तेवढीच राहिली. त्यात घरांचे ओटे, पायऱ्या आणि पत्र्याची शेड पुढे सरकली ती वेगळीच.

हिशेब साधा आहे. गल्ली वीस फूट रुंद धरली आणि दोन्ही बाजूंना कार उभ्या केल्या, तर जवळजवळ बारा फूट तिथेच संपतात. उरतात आठ. अग्निशमन बंबाची रुंदीही साधारण तेवढीच असते. म्हणजे आग लागली तर बंब गल्लीच्या तोंडाशी थांबणार आणि पाइप ओढत माणसे आत धावणार. त्याच गल्लीची एक बाजू मोकळी ठेवली तर चौदा फूट मिळतात. त्यातून बंब जातो, सायकल जाते, पायी चालणाराही जातो. धुळ्यात एका रस्त्याचे नावच शंभर फुटी रोड आहे. नावात शंभर फूट असले, तरी वापरायला किती फूट मिळतात ते कडेला काय उभे आहे यावर ठरते.

मग सायकलवाल्याचे काय? २०११ च्या जनगणनेनुसार देशातल्या साधारण ४५ टक्के घरांत सायकल होती, २१ टक्के घरांत दुचाकी होती आणि चारचाकी पाच टक्क्यांहूनही कमी घरांत होती. त्यानंतर दुचाकी आणि कार झपाट्याने वाढल्या. तरी पहाटे पाव-बटर पोहोचवणारा, गवंड्याच्या हाताखालचा मजूर, शाळेची मुले आणि मदरशात जाणारी मुले आजही सायकलवर दिसतात. चव्वेचाळीस अंशांच्या खान्देशी उन्हात सायकल कोण चालवणार, असे म्हटले जाते. ज्याच्याकडे दुसरे काही नाही तो चालवतोच. त्याला सावलीची झाडे हवीत आणि झाड लावायला रस्त्याची कड मोकळी हवी.

रस्ता बदलला की मोहल्ल्याचे दिवसभराचे वेळापत्रक बदलते, हे जळगावने पाहिले आहे. शिवाजीनगरचा जुना रेल्वे उड्डाणपूल २०१९ मध्ये पाडला गेला आणि नवा होईपर्यंत त्या भागातल्या लोकांना शहरात यायला वळसा पडला. शहराच्या मधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर अपघात होत राहिले, म्हणून समांतर रस्त्यांसाठी नागरिकांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली. त्या मागणीच्या मुळाशी एवढेच होते, की गावातल्या गावात सायकलवर किंवा दुचाकीवर जाणाऱ्याला ट्रकच्या चाकाजवळून जावे लागू नये. पण समांतर रस्ता झाला आणि त्याच्याही कडेला वाहने लागली, तर सायकलवाला पुन्हा मधल्या रस्त्यावर ढकलला जातो.

म्हणूनच सायकलसाठी वेगळी मार्गिका आखा, ही मागणी बरोबर असली तरी अर्धीच आहे. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ मध्ये एमएमआरडीएने सायकलची मार्गिका केली. तिच्यावर गाड्या उभ्या राहू लागल्या, सायकली दिसेनाशा झाल्या आणि शेवटी ती काढून गाड्यांसाठीच रस्ता रुंद करण्याचा निर्णय झाला. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्याने २०१७ मध्ये आठशे किलोमीटरहून जास्त लांबीच्या सायकल मार्गांचा आराखडा मंजूर केला. पण तिथेही जो मार्ग झाला तो ठिकठिकाणी तुटला आणि कुठे दुचाकी, कुठे दुकानाचा माल त्यावर आला. पुण्याने २०१८ मध्ये पार्किंगचे धोरणही केले. रस्त्यावर गाडी लावायला पैसे मोजायचे म्हटल्यावर विरोध झाला आणि अंमलबजावणी मागे पडली. या दोन्ही शहरांकडे पैसा होता, अभियंते होते. पार्किंगचा निकाल आधी लागला नाही, म्हणून सायकलची पट्टी पार्किंगची पट्टी झाली. जळगाव-धुळ्यात उद्या अशी मार्गिका आखली तर तिचेही तेच होईल.

याला विरोध करणाऱ्यांचे म्हणणेही समजून घेतले पाहिजे. जुन्या मोहल्ल्यातले घर दोन खोल्यांचे. त्यात तीन भाऊ, तिघांचा रोजगार दुचाकीवर. गाडी घरात ठेवायला जागा नाही आणि दूर लावली तर चोरीची भीती. दुकानदाराला वाटते की दारात गाडी लावू दिली नाही तर गिऱ्हाईक पुढे जाईल. रमजान आणि ईदच्या दिवसांत तर वर्षभराची कमाई व्हायची असते. गुडघे दुखणाऱ्या आईला डॉक्टरकडे नेणाऱ्या मुलाला गाडी दारापर्यंत आणावीच लागते. या माणसांवर नुसता दंड लावून प्रश्न सुटणार नाही. गाडी कुठे लावू नये हे सांगणाऱ्याने ती कुठे लावावी हेही सांगितले पाहिजे.

पण दुसरी बाजूही आहे. एक कार उभी करायला साधारण पाच मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद जागा धरली जाते. तेवढ्या जागेत सहा फूट बाय चार फुटांच्या पाच लोटगाड्या बसतात, म्हणजे पाच घरांची चूल. अतिक्रमण हटवण्याची गाडी आली की आधी लोटगाडी उचलली जाते, दिवसभर एकाच जागी उभी असलेली कार मात्र तशीच राहते. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, जागा ठरवून देण्याची तरतूद आहे. रस्त्याच्या कडेचा हिशेब करायचा असेल तर तो दोघांनाही सारखा लावावा लागेल.

जगात हा प्रश्न सुटला तो लोकांनी लावून धरला म्हणून. १९७१ मध्ये नेदरलँड्समध्ये रस्ते अपघातांत तीन हजारांहून जास्त माणसे गेली आणि त्यांत चारशेहून जास्त मुले होती. आई-बाप रस्त्यावर उतरले, गल्ल्या मुलांसाठी परत मागितल्या. आज तो देश सायकलींसाठी ओळखला जातो, पण त्याची सुरुवात त्या मागणीतून झाली. जपानने १९६२ च्या कायद्याने गाडी ठेवायची जागा रस्त्याबाहेर असल्याचा पुरावा मागायला सुरुवात केली. महाराष्ट्रातही २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी पार्किंगच्या जागेच्या प्रमाणपत्राशिवाय नव्या गाडीची नोंदणी न करण्याचा विचार बोलून दाखवला. खान्देशच्या शहरांनी त्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही.

सुरुवात सोपी करता येते. सम-विषम तारखेचे पार्किंग महाराष्ट्रातल्या बाजारपेठांना माहीत आहे: एका तारखेला एक बाजू, दुसऱ्या तारखेला दुसरी. तेच गल्लीत केले तर एक बाजू कायम मोकळी राहते आणि कोणाच्याच दारात रोज गाडी उभी राहत नाही. शाळांची आणि मंगल कार्यालयांची मैदाने रात्री रिकामी असतात. थोडे शुल्क घेऊन, रखवालदार ठेवून ती मोहल्ल्यातल्या वाहनांना रात्रीपुरती देता येतील. व्यापारी संकुलाच्या नकाशात तळघर पार्किंगसाठी दाखवले असेल तर तिथे पार्किंगच राहिले पाहिजे, हे महापालिकेने पाहावे. शाळेकडे जाणारा एक रस्ता निवडून त्यावर शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी वाहने उभी करण्यास मनाई करावी. एवढे टिकले की मग त्याच रस्त्यावर सायकलची मार्गिका आखावी. तेव्हा तिच्यावर सायकलीच चालतील.

मशिदींनाही यात मोठे काम आहे. ट्रस्टींनी तरावीहसाठी चार-सहा तरुणांना गाड्या एका रांगेत लावून घेण्याचे काम द्यावे. रुग्णवाहिकेसाठी वाट सोडलेली आहे का, हे त्यांनीच बघावे. जुम्म्याच्या बयानात इमाम साहेबांनी रस्त्याच्या हक्काचा विषय काढला तर त्याचा असर महापालिकेच्या नोटिसीपेक्षा जास्त होईल. मशीद पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर असेल तर नमाजीने पायी जावे. नमाजसाठी उचललेल्या प्रत्येक पावलाचा सवाब सांगितलेला आहे आणि तो दुचाकीवर मिळत नाही.

महापालिकेने रंग आणि फलक द्यावेत, पोलिसांनी सर्वांना सारखा नियम लावावा. पण कोणत्या गल्लीत कोणती बाजू मोकळी ठेवायची, हे तिथल्या रहिवाशांनी, दुकानदारांनी आणि लोटगाडीवाल्यांनी एकत्र बसून ठरवले तरच टिकेल. महिनाभर रोजेदार भूक आणि तहान आवरतो. त्याच महिन्यात गाडी पन्नास पावले दूर लावण्याची सवयही लावून घेता येईल. ईदच्या सकाळी नमाजला निघालेल्या म्हाताऱ्या माणसाला आणि नवे कपडे घालून सायकल फिरवणाऱ्या मुलांना मोकळी गल्ली मिळाली, तर मोहल्ल्याने एकमेकांना दिलेली ती ईदी असेल. ती ईदनंतरही राहावी, एवढेच काम मग उरेल.