आधी जप्ती, मग चौकशी

इंग्रज माणसाचे घर हा त्याचा किल्ला असतो, ही उक्ती इंग्रजीच्या तासाला बसलेल्या मराठी विद्यार्थ्याच्या कानावरून कधी ना कधी गेलेली असते. तिला कायद्यात प्रतिष्ठा मिळाली ती वसुलीच्या एका भांडणामुळे, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात नसते. लंडनमधील एका घरात मृत ऋणकोचा माल होता. तो जप्त करण्यासाठी शेरीफची माणसे आली आणि घरमालकाने दार लावून घेतले. खासगी देण्याच्या वसुलीसाठी राहत्या घराचे दार फोडता येणार नाही, असा निर्वाळा 1604 सालच्या या सेमेन खटल्यात मिळाला. त्यानंतर चार शतके उलटली. घराचे दार अजून शाबूत आहे. परंतु दाराबाहेर उभ्या राहणाऱ्या माणसाचे स्वरूप पालटले आहे. आता तो बहुधा स्थानिक कौन्सिलने नेमलेल्या खासगी कंपनीच्या वतीने येतो आणि त्याच्या नुसत्या येण्याचाही आकार घरातल्या माणसाच्या नावे मांडला जातो.

ही वसुली असते कौन्सिल टॅक्सची. आपल्याकडील घरपट्टीचे हे इंग्लंडमधील भावंड म्हणता येईल. फरक इतकाच की, आपल्याकडे घरपट्टीची जबाबदारी मुख्यतः मालकावर असते, तर तेथे हा कर सामान्यतः घरात राहणाऱ्याने, म्हणजे भाडेकरूनेही, भरावयाचा असतो. त्याचा जन्मच एका राजकीय पराभवातून झाला. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने 1989 साली स्कॉटलंडमध्ये आणि 1990 साली इंग्लंड व वेल्समध्ये माणशी आकारणीची डोईपट्टी लादली. 31 मार्च 1990 रोजी लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात तिच्याविरुद्ध दंगल उसळली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये थॅचरबाईंना पद सोडावे लागले, त्यामागील कारणांत ही पट्टी एक होती. एप्रिल 1993 पासून तिच्या जागी कौन्सिल टॅक्स आला. घरांच्या 1991 सालच्या किमतींवरून त्यांचे आठ वर्ग पाडण्यात आले. सर्वांत खालच्या वर्गाची मर्यादा 40 हजार पौंड, तर सर्वांत वरचा वर्ग 3 लाख 20 हजार पौंडांच्या पुढचा. किमतीत आठपटींहून अधिक अंतर असले, तरी एकाच गावात वरच्या वर्गाचा कर खालच्या वर्गाच्या तिप्पटच ठेवण्यात आला. थोडक्यात, डोईपट्टी गेली, पण गरिबाच्या खांद्यावरचे जू पूर्णपणे उतरले नाही.

2013 साली त्या जुवाचे वजन वाढले. तोपर्यंत अत्यल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना केंद्रीय नियमांनुसार करात पूर्ण सवलत मिळू शकत असे. ती योजना मोडून सवलतीचे काम कौन्सिलांवर सोपविण्यात आले आणि त्यासाठीच्या निधीत सुमारे दहा टक्क्यांची कपात झाली. वृद्धांना संरक्षण होते. त्यामुळे कपातीचा भार काम करण्याच्या वयातील गरिबांवर पडला. अनेक ठिकाणी सरकारी मदतीवर जगणाऱ्या माणसाच्या हातात, आयुष्यात प्रथमच, कौन्सिल टॅक्सचे बिल आले. रक्कम लहान होती. परंतु ज्याची मिळकतच आठवड्याच्या बाजारहाटात संपते, त्याला लहान रकमेचा हप्ताही चुकतो.

हप्ता चुकल्यानंतरची वाट 1992 च्या नियमांनी आखून दिली आहे. प्रथम स्मरणपत्र येते. सात दिवसांत थकलेली रक्कम न भरल्यास आणि त्यानंतर आणखी सात दिवस गेल्यास हप्त्यांची सवलत संपते आणि वर्षाचा उरलेला सगळा कर एकदम देय होतो. ज्याला एक हप्ता जमला नाही त्याच्याकडे सगळे हप्ते एकत्र मागावयाचे, हा तर्क केवळ कार्यालयीन डोक्यातूनच निघू शकतो. त्यापुढे मॅजिस्ट्रेटच्या न्यायालयाचे समन्स आणि देयतेचा हुकूम, ज्याला तिकडे लायबिलिटी ऑर्डर म्हणतात. असे शेकडो हुकूम एकाच बैठकीत, यादीवर नजर टाकून, दिले जातात. कर भरला आहे, कर लागूच नाही किंवा रीत पाळली गेली नाही, इतक्याच हरकती तेथे चालतात. माझ्यापाशी पैसे नाहीत, हे उत्तर त्या न्यायालयात उत्तरच ठरत नाही.

हा हुकूम हाती पडला की पगारातून किंवा सरकारी मदतीतून कपात करण्याचे मार्ग कौन्सिलला खुले असतात. परंतु बेलिफ पाठविणे तिला अधिक सोयीचे वाटते, याचे कारण उघड आहे. आपल्या दिवाणी न्यायालयातील बेलिफ पगारदार नोकर असतो. तेथे कंपनीची फी ऋणकोकडून घ्यावयाची असल्यामुळे कौन्सिलला ही वसुली जवळजवळ फुकट पडते. फीचा तक्ता 2014 साली ठरला. प्रकरण हाती घेऊन पत्र पाठविण्याच्या टप्प्याला 75 पौंड, दारावरच्या पहिल्या भेटीपासून सुरू होणाऱ्या टप्प्याला 235 पौंड आणि विक्रीच्या टप्प्याला 110 पौंड. शेवटच्या दोन टप्प्यांत, देणे 1500 पौंडांहून अधिक असेल तर वरच्या रकमेवर साडेसात टक्के आणखी. समजा, एखाद्याकडे 200 पौंड कर थकला आहे. न्यायालयाचा खर्च बाजूला ठेवला, तरी एक पत्र आणि एक भेट मिळून त्याच्या देण्यात 310 पौंडांची भर पडते. भेटीच्या वेळी घरात कोणी नसले, तरीही हा आकार चुकत नाही. शिवाय त्याने थोडेथोडे पैसे कंपनीकडे भरावयास सुरुवात केली, तर पहिले 75 पौंड तिच्या फीपोटीच जातात. कर तेवढाच उभा राहतो.

येथे कौन्सिलांची बाजूही ऐकावयास हवी. वृद्धांची आणि अपंगांची शुश्रूषा, कचरा, रस्त्यांवरचे दिवे, वाचनालये यांचा खर्च या करातून भागवावा लागतो. नियमाने कर भरणारा शिक्षक किंवा कारकून काही श्रीमंत नसतो, आणि बुडव्याच्या वाट्याचा बोजा अखेर त्याच्यावरच येतो. प्रत्येक थकबाकीदार गरीब असतो असे मानणे भाबडेपणाचे होईल. ऐपत असून कर चुकविणाऱ्याच्या दारात बेलिफ उभा राहिला, तर त्याबद्दल कोणी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. परंतु या युक्तिवादातूनच खरा प्रश्न पुढे येतो. जो देऊ शकत नाही आणि जो देऊ इच्छित नाही, त्यांच्यातील फरक या यंत्रणेला कळतो केव्हा? इंग्लंडच्या नियमांत ऋणकोच्या ऐपतीची चौकशी न्यायालयाने करावी असा टप्पा येतो, तो थेट तुरुंगाच्या दारापाशी. बेलिफला पुरेसा माल मिळाला नाही, म्हणून कौन्सिलने तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेची मागणी केली, म्हणजे मॅजिस्ट्रेटने विचारावयाचे की, हा माणूस मुद्दाम कर भरत नाही की त्याच्यापाशी नाहीच? जो प्रश्न पहिल्या दिवशी विचारावयास हवा, तो समन्स, हुकूम, फी आणि जप्ती यांच्यानंतर विचारला जातो. तेथेही तो नीट विचारला जाईलच असे नाही. 2016 साली वेल्समधील एका स्त्रीला थकबाकीपायी 81 दिवसांची कैद झाली. तिने त्यातील 40 दिवस भोगल्यानंतर तिची सुटका झाली आणि पुढे ती कैदच बेकायदा असल्याचा निर्णय उच्च न्यायालयाने दिला. वेल्सने एप्रिल 2019 पासून या कराच्या थकबाकीसाठी तुरुंग बंद केला. इंग्लंडने त्या वेळी त्याचे अनुकरण केले नाही.

तथापि, आकारलेली प्रत्येक रक्कम निमूटपणे मान्य केली पाहिजे असे इंग्लंडचा कायदाही म्हणत नाही. हे सिद्ध करून दाखविण्याचे श्रेय पॉल निकल्सन या निवृत्त धर्मोपदेशकाकडे जाते. गरिबांच्या सवलतीतील कपातीचा निषेध म्हणून त्यांनी स्वतःचा कर भरण्याचे नाकारले. लंडनच्या हॅरिंगे कौन्सिलने त्यांना समन्स धाडले आणि खर्चापोटी 125 पौंड मागितले. निकल्सन यांनी साधा प्रश्न केला: हा आकडा आला कोठून? टॉटनहॅमच्या मॅजिस्ट्रेट न्यायालयाने त्याचे समाधानकारक उत्तर न मिळविताच खर्च मंजूर केला. निकल्सन वयाच्या ऐंशीच्या पुढे असतानाही उच्च न्यायालयात गेले. 2015 साली त्या न्यायालयाने सांगितले की, खर्च वाजवी आहे की नाही हे ठरविण्यास पुरेशी माहिती हाती नसताना तो मंजूर करणे बेकायदा होते. नियमातील शब्द खर्च वाजवी असावा असे म्हणतात. तो वाजवी असल्याचे दाखविण्याची जबाबदारी मागणाऱ्यावर येते. निकल्सन 2020 साली वारले. परंतु कारकुनाने वर्षानुवर्षे छापील अर्जात भरलेल्या आकड्याचाही हिशेब मागता येतो, हा धडा ते मागे ठेवून गेले.

बेलिफाच्या फीलाही हाच न्याय लागू आहे. कौन्सिल टॅक्ससाठी प्रथम येणाऱ्या बेलिफाला बळाने घरात शिरता येत नाही. दार न उघडणे हा गुन्हा नाही. मात्र एकदा त्याला आत घेऊन मालाच्या यादीवर सही दिली आणि करार मोडला, तर तो अधिकार बदलतो. त्याने सात पूर्ण दिवसांची नोटीस दिलेली असली पाहिजे. साधारणतः सकाळी सहापूर्वी आणि रात्री नऊनंतर त्याने येता कामा नये. घरात केवळ सोळा वर्षांखालील मूल किंवा दुर्बल अवस्थेतील व्यक्ती असेल, तर माल ताब्यात घेता येत नाही. अंथरूण, चूल, शीतकपाट यांसारख्या गरजेच्या वस्तू आणि 1350 पौंडांपर्यंतची धंद्याची हत्यारे यांना हात लावता येत नाही. एकाच माणसाविरुद्धचे अनेक हुकूम एकाच वेळी बजावता येत असतील, तर प्रत्येकामागे 235 पौंड लावता येत नाहीत. फीच्या रकमेबद्दल वाद असल्यास न्यायालयाकडून ती ठरवून घेता येते. कौन्सिलकडे लेखी तक्रार करून पुढे स्थानिक शासनाच्या लोकपालाकडे जाता येते, आणि हा लोकपाल बेलिफाच्या वर्तनाबद्दल कौन्सिललाच जबाबदार धरतो. मूळ हुकूमच चुकीचा असेल, तर तो रद्द करण्याची विनंती कौन्सिल स्वतः न्यायालयाला करू शकते. 2021 पासून कर्जग्रस्ताला सल्लागारामार्फत 60 दिवसांची उसंतही मागता येते. या सर्व तरतुदी कागदावर आहेत. पण ज्याला त्यांची सर्वाधिक गरज आहे, तो येणारी पाकिटे भीतीने न फोडता फळीवर ठेवून देतो आणि फी वाढत जाते.

इंग्लंडमध्ये शिकावयास जाणाऱ्या मराठी तरुणांनी यातून काही बोध घ्यावा. घरात राहणारे सर्वच पूर्णवेळ विद्यार्थी असतील, तर त्या घराला हा कर माफ असतो. परंतु त्यासाठी विद्यार्थी असल्याचे कौन्सिलपर्यंत पोहोचलेले असावे लागते. नोकरी करणारा एखादा मित्र सोबत राहू लागला किंवा अभ्यासक्रम संपला, की परिस्थिती पालटते. खोली सोडताना नवा पत्ता कळविला नाही, तर बिल आणि समन्स जुन्याच पत्त्यावर जातात आणि हुकूम माणसाच्या गैरहजेरीत होऊन बसतो. विद्यापीठाचा दाखला, पत्ता बदलल्याचे पत्र आणि प्रत्येक पत्राची प्रत जपणे, एवढ्याने पुढची पुष्कळ यातायात वाचते.

इंग्लंडच्या या व्यवस्थेकडे बोट दाखविताना आपल्या अंगणाचाही विचार केला पाहिजे. 1908 च्या आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेने स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे आणि शेतकऱ्याची अवजारे जप्तीतून वगळली. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी राहत्या घरात शिरण्यास मनाई केली. ही माणुसकी कायद्यात आहे. परंतु थकलेल्या मालमत्ता करावर दरमहा दोन टक्के, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के, शास्ती चढविण्याची रीत महाराष्ट्रातील महापालिकांतही आहे. काही ठिकाणी तर थकबाकीदाराच्या दारात बँड वाजविण्याचा उपाय योजण्यात आला. ज्याची लाज निघते, तो बडा बांधकाम व्यावसायिक आहे की निवृत्तिवेतनावर जगणारी विधवा, हे त्या बँडवाल्याला कोणी सांगितलेले नसते.

ब्रिटिश सरकारने 2025 साली करवसुलीत सुधारणा करण्यासाठी काही सूचना लोकांपुढे ठेवल्या. हप्ते दहाऐवजी बारा महिन्यांत विभागावे, ही त्यांतील एक. ती स्वागतार्हच आहे. परंतु हप्त्यांची संख्या बदलून प्रश्नांचा क्रम बदलत नाही. सार्वजनिक देणे हे सावकाराचे देणे नव्हे. ते वसूल करणाऱ्या संस्थेला ऋणकोही नागरिक म्हणून तितकाच जवळचा असावयास हवा, कारण त्याचे घर मोडले तर त्याला निवारा देण्याची जबाबदारीही पुष्कळदा तिच्यावरच येते. म्हणून बेलिफाच्या हाती यादी देण्यापूर्वी कौन्सिलच्या अधिकाऱ्याने एकदा विचारावे, तुम्ही का भरला नाही? उत्तर खोटे वाटले, तर जप्तीचा मार्ग कोणी अडविलेला नाही. उत्तर खरे निघाले, तर 310 पौंडांचा तो आकार कोणाच्याच नावावर चढणार नाही आणि 200 पौंडांचा कर, सावकाश का होईना, कौन्सिलच्या तिजोरीत येईल.